किती बसला, काका?

"किती बसला, काका?"

दर वर्षी जून-जुलैत तो माझ्या ऑफिसात येऊन हे विचारायचा आणि विचारताना उभा असायचा. समोरची खुर्ची मोकळी असली तरी उत्तर मिळेपर्यंत टेकायचा नाही. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले आणि नजर माझ्या कॉम्प्युटरच्या पाठीवर, जणू तिथूनही आकडा दिसेल. मी शेवटचं बटण दाबायचो, चष्मा कपाळावर सरकवायचो आणि सांगायचो, "शून्य." मग त्याचा चेहरा पडायचा.

शून्य ऐकून बाकीच्या लोकांचे चेहरे कसे होतात, ते तुम्हाला सांगायला नको. तुमचाही तसाच होत असणार. मी उज्जैनला फ्रीगंजात टावर चौकामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर बसून लोकांचे कर वाचवतो. डोक्यावरचे केस गेले ते याच कामात. शून्य ऐकलं की व्यापारी खालून कचोरी मागवतात, मास्तर मंडळी भिंतीवरच्या महाकालाच्या फोटोला हात जोडतात. एका डॉक्टरांनी तर मला शाल आणून दिली होती. शून्य ऐकून हिरमुसला झालेला माणूस आयुष्यात मी हा एकच पाहिला.

"थोडा तरी बसायला हवा होता," तो म्हणायचा. मग खुर्ची टेबलाशी सरळ लावून तिच्या कडेवर टेकायचा.

खरं तर त्याला विवरणपत्र भरायची गरजच नव्हती. चार वर्षांच्या भरतीतला शिपाई तो, पगार तो कितीसा. ही चार वर्षांची भरती काय असते हे आता घरोघरी ठाऊक आहे, तरी सांगतो. चार वर्षं नोकरी करायची. शेवटी चारांतल्या एकाला कायम ठेवतात, उरलेल्यांच्या हातात एकरकमी पैसे देऊन घरी पाठवतात. ते पैसेही करमुक्त असतात. पहिल्या वर्षी मी त्याला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर म्हणाला, "तिथेपण नाही?"

त्याचे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. भुसावळकडून बदली होऊन उज्जैनला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या पेन्शनचं काम माझ्याकडे होतं, त्या ओळखीने हा यायचा. जन्म इथलाच, त्यामुळे त्याची मराठी आम्हा सगळ्यांची असते तशी, निम्मी हिंदीत भिजलेली. गल्लीत त्याला कोणी नावाने हाक मारत नसे, सगळे फौजी म्हणत. मीही माझ्या फीच्या वहीत त्याच्या नावापुढे लिहायचो, "फौजी, माफ." सैनिकाकडून मी फी घेत नाही हे मी चार लोकांत मुद्दाम सांगत असे. त्या माफीचा मला बराच अभिमान होता.

कर भरायचं हे खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं, ते दुसऱ्या वर्षी कळलं. सुट्टीवर येताना गाडीत खालच्या बर्थवरून एका गृहस्थाशी त्याची बोलाचाली झाली. बर्थ याचाच होता. तरी गृहस्थ म्हणाले, हमारे टैक्स से तुम्हारी तनख्वाह निकलती है, ज़रा ऊपर चढ़ जाओगे तो क्या हो जाएगा. हा मुकाट्याने वर चढला. रात्रभर झोप आली नाही म्हणाला. "मला राग नाही आला, काका. मी सोचत होतो की त्याचं बरोबर आहे. तो भरतो म्हणून बोलतो. मी भरला असता तर मीपण बोललो असतो."

मी त्याला समजावलं की तो गृहस्थ बहुतेक माझ्यासारख्याच कुणाकडून शून्य काढून घेत असणार. त्याला ते पटलं नाही. आपल्याहून वयाने मोठ्या माणसाने गाडीत खोटं बोलावं, हे त्याच्या कल्पनेत बसत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी तो तिला घेऊन आला.

ती भैरवगढची. घरी कापडावर ठसे मारायचा पिढीजात धंदा. तिचे वडील मला एकदा भेटले होते, त्यांच्या नखांतला रंग कधी निघत नसावा. ही मात्र मिलिटरी पोलिसात गेली, त्याच चार वर्षांच्या भरतीतून. भरतीच्या आधी दोघं पहाटे कोठी रोडवर पळायला जायचे, तिथली ओळख. आता तो ईशान्येकडे आणि ती पार दक्षिणेत. दोघं सुट्ट्या अशा मागायचे की दहाएक दिवस उज्जैनमध्ये एकत्र मिळावेत. त्या दहांतला एक अख्खा दिवस त्यांनी कर सल्लागाराच्या ऑफिसात घालवला. प्रेमात पडलेली माणसं मी इतरही पाहिली आहेत, पण अशी नाही.

ती बसायची ऐसपैस आणि बोलायची मोजकं. कराच्या बाबतीत तिचं मत एकदम उलटं होतं. साबुन पे टैक्स, रिचार्ज पे टैक्स, जूते की पॉलिश पे टैक्स, हम तो रोज भरते हैं अंकल, ती म्हणाली. दुकानात घेतलेल्या प्रत्येक वस्तूत आपला वाटा गेलेलाच असतो, मग आणखी वर जाऊन सरकारच्या दारात उभं राहायची हौस कशाला, असा तिचा सवाल होता. तिने मोबाइलवर महिन्याभराचा हिशोबही करून ठेवला होता.

"पण त्याची रसीद कुठे आहे?" तो म्हणाला.

"आपको टैक्स नहीं भरना," ती म्हणाली, "आपको रसीद चाहिए."

"हां. नाव लिहिलेली."

मी दोघांसाठी खालून पोहे मागवले. त्या दिवशी त्यांनी माझ्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर घराचा नकाशा काढला. प्लॉट अजून घ्यायचाच होता, पण घर तयार होतं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे तिची एक मोठी खोली. भरतीची तयारी करणाऱ्या पोरींना तिथे ती शिकवणार होती, आणि अंगणात लटकायला एक लोखंडी बार. आधी दोघं फौजेत कायम होणार, पंधरा-वीस वर्षं नोकरी करणार आणि मग इथे येऊन हे सगळं. खोली किती मोठी हवी ते ठरवायला तो माझ्या ऑफिसात टाचेला टाच लावून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला. माझं ऑफिस तिला लहान पडलं. त्याला घरात एकच गोष्ट हवी होती. नगर निगमच्या संपत्ती कराची पावती, दोघांच्या नावाची, चौकटीत घालून दारासमोर लावलेली.

"कोई भगवान का फोटो लगाता है," ती मला म्हणाली, "ये टैक्स की रसीद लगाएँगे."

मी खूप हसलो. आता आठवलं की हसू येत नाही.

लग्न मात्र निकालानंतर. या भरतीत नियमच आहे, कायम होण्याआधी लग्न केलं तर त्या निवडीतून नाव बाद. दोघांनी हा नियम इतका पाळला की साखरपुड्यात फोटो काढू दिला नाही. त्याने तर आधी पलटणीतल्या बाबूला विचारून घेतलं होतं की साखरपुडा चालतो का. चालतो असं उत्तर आलं तेव्हा कुठे भैरवगढला जाऊन नारळ बदलले. निकाल लागला की महिन्याभरात लग्न, मला आमंत्रण पहिलं, असं ठरलं होतं.

चौथ्या वर्षी, निकालाला दोन-तीन महिने राहिले असताना प्लॉट ठरला. नानाखेडा बस स्टँडच्या पुढे नवीन कॉलनी पडत होती, तिथे तीस बाय चाळीसचा तुकडा. पैसे वडिलांच्या निवृत्तीचे. रजिस्ट्रीचे कागद तयार करून द्यायचा परवाना माझ्याकडे आहे, तेव्हा कामही साहजिकच माझ्याकडे आलं. वडील म्हणाले, माझा पैसा आहे, नाव मुलाचं लागेल, ती पोरगी अजून घरात आलेली नाही. मुलगा म्हणाला, दोघांचं लागेल. बापलेक माझ्यासमोर अर्धा तास अडून बसले. शेवटी वडील नमले.

आता इथे माझी हुशारी सुरू होते. घरातल्या बाईचं नाव सोबत असलं की रजिस्ट्रीच्या सरकारी शुल्कात सूट मिळते. घरातली बाई म्हणजे बायको, मुलगी, सून. होणारी बायको त्यात बसत नाही. फरक होता अकरा हजारांच्या आसपास. मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "पूर्ण भरू या ना, काका. एवढा एक मौका आला आहे." त्याच्या डोळ्यांत अगदी चमक आली होती. मी म्हटलं, वेडा आहेस, आणि विषय तिथेच सोडला.

सोडला म्हणजे त्याच्यापुढे सोडला. संध्याकाळी कागद तयार करताना चौथ्या पानावर खरेदीदारांच्या नात्याचा रकाना आला, तेव्हा मी तिच्या नावापुढे "पत्नी" लिहिलं. चुकून नाही लिहिलं. हात तिथे थांबला होता, मला आठवतं. दोन-तीन महिन्यांनी होणारच आहे, असं मी मनाशी म्हटलं. आयुष्यभर लोकांचे पैसे वाचवले, या पोराचे अकरा हजार डोळ्यांदेखत जाऊ देणं मला जमेना. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना बाजूला घेऊन मी आकडा सांगितला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. ते मला हवं होतं.

रजिस्ट्रीच्या दिवशी दोघंही सुट्टीवर होते. फोटो झाले, अंगठे झाले. सही करायच्या आधी ती दुसरं पान वाचू लागली. मी म्हटलं, बेटा, पीछे लोग खड़े हैं. तिने सही केली. त्याने पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सगळं बरोबर आहे ना, काका?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

त्याने बाराही पानांवर सह्या केल्या. बाहेर आल्यावर हिशोबाचा कागद पाहून म्हणाला, कमी कसा लागला? मी म्हटलं, माझ्याकडे असतं काहीतरी. त्याने कागद पुन्हा एकदा वाचला आणि खिशात ठेवला. मला वाटलं, खूश झाला.

फौजेतल्या माणसाने जमीन घेतली की वरच्या साहेबांना कळवावं लागतं, कागदाची नक्कल जोडून. मला हे माहीत नव्हतं. असतं तरी मी म्हटलं असतं, कशाला कळवतोस, कोण बघायला बसलंय. त्याने परत जाताच आठवड्याभरात कळवलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. नमस्कार केला, माझी तब्येत विचारली आणि म्हणाला, "काका, चौथ्या पानावर काय लिहिलं आहे?"

दोघांना आपापल्या ठिकाणी बोलावून विचारलं गेलं होतं, लग्न झालंय का. दोघांनी नाही म्हटलं. मग हे काय आहे, म्हणून कागद पुढे ठेवला. आता तुम्हीच बघा. लग्न झालं आहे म्हटलं, तर नियम मोडला, दोघंही बाद. झालेलं नाही म्हटलं, तर सरकारी कागदावर खोटं नातं लिहून सरकारचे पैसे बुडवले, आणि असा माणूस फौजेत कायम कसा ठेवायचा. यातून दोघांना बाहेर काढणारी वाट एकच होती. कागद लिहिणाऱ्याने म्हणायचं की हे मी लिहिलं, त्यांना न सांगता.

तो चार दिवसांची सुट्टी घेऊन आला. गाडीतून उतरून थेट माझ्याकडे, पाठीवर पिट्टू तसाच. उभा राहिला. मी बस म्हणालो तरी बसला नाही.

"काका, एक शपथपत्र द्या," तो म्हणाला. "जास्त काही नको. जे आहे ते लिहा. बस."

मी म्हटलं, बघतो, उद्या ये.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, असं मी कित्येकदा मनात विचारलं आहे, आणि प्रत्येक वेळी तुमच्याकडून मला सोयीचं उत्तर काढून घेतलं आहे. तसं शपथपत्र दिलं असतं तर माझा परवाना गेला असता. कदाचित दंड. कदाचित त्याहून जास्त काही. चौकातला पानवालासुद्धा म्हणाला असता, की हे बघा, खोटे कागद करतात. माझं वय झालेलं, धंदा तसाही दोन-चार वर्षांचाच उरलेला. म्हणजे गमावण्यासारखं फार नव्हतं. पण जे होतं ते मला सोडवेना. मी वकील मित्राला विचारलं, तो म्हणाला, टायपिंगची चूक म्हणून पत्र दे, चालून जाईल. चालणार नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या लेटरहेडवर, शिक्का मारून, चार ओळींचं पत्र दिलं. टंकनदोषामुळे नात्याच्या रकान्यात अनवधानाने चुकीचा शब्द आला, वगैरे.

त्याने उभ्यानेच वाचलं. दोनदा वाचलं.

"काका, टायपिंगच्या चुकीने सूट नाही मिळत," तो म्हणाला. "सूट मागावी लागते."

बरोबर होतं. सूट मागायचा रकाना वेगळा होता आणि तिथेही मीच खूण केली होती. इतकी वर्षं शून्य-शून्य करत याने माझ्याकडून सगळं शिकून घेतलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, एवढं पुरेल रे, मोठे साहेब समजून घेतात. तो माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने पत्राची घडी केली, खिशात घातली आणि पिट्टू उचलून गेला.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. नमस्ते नाही, काही नाही. "अंकल, आप एक लाइन लिख देते," एवढं म्हणून तिने ठेवून दिला.

पुढे काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. त्याने माझं पत्र कुठे दाखवलंच नाही. उलट स्वतः लिहून दिलं, "सूट मिळावी म्हणून मीच तसं लिहवून घेतलं, तिला काही सांगितलं नाही, तिने माझ्यावर विश्वास ठेवून सही केली." ज्याला आयुष्यात एकदा तरी कर भरायचा होता, त्याने कर चुकवल्याचं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. त्याने तिच्याकडून वचन घेतलं होतं म्हणे, की ती यावर एक शब्द बोलणार नाही. निकाल लागला. ती कायम झाली. त्याच्या पळण्याचे, नेमबाजीचे, सगळ्याचे गुण चांगले होते, पण यादीत नाव नव्हतं. तो घरी आला.

त्याच महिन्यात त्याचे वडील पेन्शनच्या कामाला माझ्याकडे आले. खूप खचलेले दिसले. त्या पोरीच्या नादाने नोकरी गेली, म्हणाले. प्लॉटवर नाव हवं होतं तिला, म्हणून काहीतरी खोटं लिहायला लावलं पोराला, आणि स्वतः बघा कशी फौजेत बसली आहे. लग्नाचं नाव काढायचं नाही असं घरात सांगितलंय, म्हणाले. मुलगा उलट बोलत नाही, काही सांगतही नाही. "तुम्ही तरी बघायचं होतंत," असं त्यांनी म्हटलं तेव्हा मला वाटलं, यांना कळलं. पण ते पुढे म्हणाले, "तुमचं तरी काय चुकलं, तुम्ही तर पैसे वाचवून दिले."

त्या क्षणी तोंड उघडता आलं असतं. तेव्हा परवान्याचाही प्रश्न नव्हता, खोलीत आम्ही दोघंच होतो. एका वाक्याने त्या मुलीवरचा आळ गेला असता. मी त्यांच्या पेन्शनचे आकडे भरत राहिलो. कर शून्य आला. ते नमस्कार करून गेले.

तो शेवटचा आला दिवाळीनंतर. साधा शर्ट, केस जरा वाढलेले, बाकी उभं राहणं तेच. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात तारखेप्रमाणे लावलेले कागद. वरचा कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. प्लॉटच्या कागदाची दुरुस्ती करून घेतली होती. रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या सल्लागाराकडून. "पत्नी" हा शब्द काढून टाकलेला, आणि कारण लिहिलं होतं, खरेदीदाराच्या सांगण्यावरून चुकीचे नाते नोंदवले गेले. माझं नाव कुठे नव्हतं. मी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना मला शरम वाटते आहे, पण तेव्हा वाटलं ते हेच.

त्याखाली सरकारी पावती होती. सूट घेतलेली रक्कम, त्यावर दंड, त्यावर व्याज. वर त्याचं पूर्ण नाव.

"बसला, काका," तो म्हणाला.

मी विचारलं, आता काय करणार. दक्षिणेत जातोय, म्हणाला. तिच्या छावणीच्या गावात एका मालगोदामात काम मिळालंय, देखरेखीचं. लग्न तिकडेच करू, कोर्टात. बाबा येणार नाहीत. मी म्हटलं, मी बोलू का त्यांच्याशी? हे मी म्हटलं खरं, पण कसं म्हटलं ते तुम्हाला कळलं असेल. त्यालाही कळलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "घर चालवायचंय तुम्हाला."

मग त्याने खिशातून पाकीट काढलं आणि चार विवरणपत्रांची फी टेबलावर ठेवली. भाव त्याने रस्त्यापलीकडच्या सल्लागाराकडे विचारून घेतला असावा, कारण आकडा बरोबर होता.

मी नाही, नाही म्हटलं. तुझ्याकडून कधी घेतली आहे का, म्हटलं.

"ती फौजीला माफ होती. आता मी फौजी नाही," तो म्हणाला. "आणि रसीद द्या."

नोटा तशाच पडून होत्या. तो उभा होता. मी पावती-पुस्तक काढलं. त्याचं पूर्ण नाव माझ्या अक्षरात मी पहिल्यांदाच लिहिलं. मग "कशाबद्दल" हा रकाना आला आणि माझा हात पुन्हा थांबला.

"काय लिहू?" मी विचारलं.

"जे आहे ते लिहा, काका."

मी लिहिलं, "सल्ल्याबद्दल." खाली सही केली आणि पावती फाडून दिली. त्याने ती उभ्यानेच वाचली, सरळ घडी घातली आणि पिशवीत दंडाच्या पावतीला लावून ठेवली.